परत आलेलं पोतं

चामोर्शीच्या स्टँडवर उतरलेल्या त्या माणसाला पाहून एस्तेरला आधी हसूच आलं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर तांदळाचं पोतं, आणि घामानं त्या शर्टाचा पार बट्ट्याबोळ! सन चौऱ्याऐंशीचा मार्च, वाऱ्यावर मोहाचा वास... आणि हा बापडा दर दहा पावलांवर पोतं खाली ठेवत होता.

"बाई, तुमच्या सायकलीवर नाल्यापर्यंत ठेवू काय? पुढं मी नेतो."

एरवी एस्तेरनं अनोळखी पुरुषाला उत्तरही दिलं नसतं. पण उपासाचे दिवस होते. ईस्टरपर्यंत दर रविवारी डब्यातून एक चिठ्ठी काढायची आणि तिच्यावरचं बायबलातलं वचन आठवडाभर पाळून दाखवायचं, अशी मिशनच्या सगळ्या मंडळ्यांची रीत होती. बालवाडीच्या या बाईंच्या वाट्याला आलं होतं — कोणी एक कोस चल म्हटलं, तर त्याच्यासोबत दोन कोस जा.

"नाल्यापर्यंत काऊन? गावापर्यंत नेते, भाऊ," ती म्हणाली आणि चिठ्ठीचं सांगून टाकलं.

तो थबकलाच. "म्हणजे तुमीबी मंडळीतल्या! मी शांतवन. बल्लारपूरले कागदाच्या कारखान्यात फिटर आहो. माझी चिठ्ठी लय बेकार निघाली, बाई. होय ते होय, नाई ते नाई. खोटं बोलायचंच नाई! पाच दिवसांत तिघांशी भांडण झालं."

एस्तेर खळखळून हसली. असा माणूस आयता सापडल्यावर कोण सोडतं?

"मग सांगा, मी भांडखोर वाटते काय?"

"थोड्या वाटता."

"अन्... दिसायले?"

विचारलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तो सायकलीच्या चाकाकडे बघत राहिला.

"ते नका विचारू, बाई. मले खरं सांगा लागते."

कानापर्यंत लाल झालेली एस्तेर सायकल भराभर ढकलू लागली. भाऊ म्हणायचं तर ती केव्हाच विसरली होती. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "पोतं कोणाकडं नेऊन राह्यले?"

"देवरावभाऊ पंचाकडं. परत करायले." त्याचा आवाज उतरला. "त्यायच्या पोरीसंग माझी सोयरीक ठरली म्हणून त्यायनं हे माझ्या बापाले पाठवलं. येत्या रविवारपासून मंडळीत लग्नाची नावं वाचणार. अन् मले समजलं काल! मी नाई म्हणायले चाललो."

एस्तेरच्या हातून सायकल सुटता सुटता राहिली. मंडळीचे देवराव पंच म्हणजे तिचा बाप. पंचांना पोरगी एकच — ती! तिनं पोत्याकडे पाहिलं. तोंडावरचा निळा दोरा तिच्याच हातचा होता. पाळकसाहेबांच्या पाहुण्याला द्यायचे तांदूळ आहेत, असं सांगून बापानं तिच्याकडून शिवून घेतलं होतं. म्हणजे पोरीनं आपल्याच सोयरिकीचं पोतं शिवलं, आणि तिलाच पत्ता नाही! तीन रविवार नावं वाचली असती, आणि ती बाकावर बसून इतरांसारखी ऐकत राहिली असती...

आणि आता ज्याच्यासोबत चालताना जीव असा हलका झाला होता, तोच घरी जाऊन नाही म्हणणार होता. गावाची सरळ वाट सोडून तिनं सायकल तळ्याकडे वळवली.

"हा रस्ता लांबचा नाई काय?"

"लांबचा आहे," ती म्हणाली. तळ्याच्या काठाशी आल्यावर तिनं विचारलं, "पोरगी वाईट आहे काय?"

"मी पाह्यली कुठी? पण होय म्हणायचं तर ते माझ्या तोंडून निघालं पायजे ना? अन् त्या बिचारीलेबी कोणी विचारलं नसन. तुमच्यासारखी असती तर—" त्यानं जीभ चावली.

एस्तेरच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की आनंदाचं, तिला सांगता आलं नसतं. मी तीच, असं म्हणायला तिनं दोनदा तोंड उघडलं... आणि दोनदा मिटलं.

ओसरीवर देवराव बायबल वाचत बसले होते. सायकल, पोतं आणि त्यामागची जोडी पाहून ते ताडकन उठले. "एस्तेर! तुले हे कुठी भेटले?"

शांतवनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "तुमी... एस्तेर?"

तिनं फक्त मान हलवली.

"कसं काय येणं केलं, बापू?" देवरावांनी विचारलं.

त्यानं सायकलीवरचं पोतं ओसरीवर उतरवलं. "नाई म्हणायले आलो होतो."

"अव माय!" दारातल्या आशाबाईंनी पदर तोंडावर धरला. लेकीच्या सोयरिकीचे असे धिंडवडे कोणत्या आईला बघवतील?

"आता नाई म्हणता येत नाई," तो घाईघाईनं म्हणाला. "पण यायच्या मनात काय आहे?"

"तिच्या मनात काय रायते?" देवराव कडाडले. "मी शब्द देल्ला! आईबापाचा मान राख, हे वचनच आहे."

तेवीस वर्षांत एस्तेर बापापुढे वर मान करून बोलली नव्हती. आज मात्र ती बोलली. "रिबकेच्या माणसायनं काय केलं होतं, बाबा? इसहाकासाठी मागणी आली, सोनं आलं, तरी ते म्हणाले, पोरीले बोलावून विचारू. तुमीच मंडळीत शिकवलं होतं. मग मले काऊन नाई विचारलं?"

देवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग लेकीकडे वळून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "या माणसासंग जाशील काय, माय?"

"जाईन," एस्तेर म्हणाली.