गावपळणीतलं गाऱ्हाणं

मोबाइल ठेवा रे बाजूला. लाइट काय आता येत नाही. मिठबावात मे महिन्यात लाइट गेली की ती आपल्या मर्जीने येते. सांगतो, पण मधे हसायचं नाही आणि उठून जायचंही नाही. तुम्ही मुंबईची पोरं, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. त्यातली माणसं मात्र जशी बोलली तशीच बोलतील.

ही गोष्ट आपल्या गुरुप्रसादची. माझ्या बहिणीचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर. बहीण दिली होती डोंगरातल्या एका गावात, पार सह्याद्रीच्या कुशीत. गावाचं नाव सांगणार नाही, सोयरीक आहे अजून. बहीण आणि तिचा नवरा दोघंही गेली, पण गुरू दर मे महिन्यात बायकोला, किशोरीला आणि मुलीला, सृष्टीला घेऊन घर उघडायला यायचा. आला की पहिलं काम ठरलेलं. सृष्टीला माजघराच्या चौकटीला उभी करायची आणि तिच्या डोक्यालगत कोळशाने रेघ ओढायची. गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली ते बघून पोर टाळ्या पिटायची.

त्या गावात गावपळण असते. देवाचा कौल लागला की सगळा गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना घेऊन. तीन दिवस व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, माळावर मांडव घालून राहायचं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. ते तीन दिवस गाव आपला नसतो. कोणाचा असतो ते कोणी विचारत नाही.

२०२२ साली कौल लागला तो नेमका मे महिन्यात. शेवटचा रविवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या. आणि त्याच रविवारी कुडाळला गुरूच्या शाळेचा, दहावीच्या बॅचचा मेळावा. गुरू सकाळी मांडवातून निघाला तेव्हा किशोरीने सांगितलं, "येताना टॉर्चीचे सेल घेवन या. आणि सृष्टीक बिस्किटां." एवढंच काम.

मेळावा झकास झाला. सगळ्यांना एकसारखे पांढरे टी-शर्ट, पोटावर ताणलेले. जेवणानंतर जितेंद्र म्हणून त्याचा वर्गमित्र आहे, जिभेला हाड नसलेला, त्याने माइक घेतला.

"मंडळी, गुरूच्या गावात आज भुतां रवतत, आणि माणसां माळार! मगे हो आमच्यात बसलो हा तो कोण?"

सगळे खो खो हसले. गुरूही हसला. हसला नसता तर अजून चेष्टा झाली असती. मग जितेंद्रने त्याला ओढून उभा केला. गुरूचे वडील गावाचं गाऱ्हाणं घालायचे, हे सगळ्यांना ठाऊक. गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हांला माहीत आहे ना? एकाने देवापुढे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. तर गुरूने घातलं गमतीचं गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा! ह्या दहावीच्या पोरांची पोटां सुटली हत, ती आत घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल गरजला.

"जितेंद्राच्या टकलार केस येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बायका डोळे पुसून हसल्या. गुरूला मात्र खाली बसल्यावर बरं वाटेना. गावपळणीत गाऱ्हाणं घालत नाहीत. ज्याच्यापुढे घालायचं तो देव तेव्हा कान देत नाही, असं त्याचा बाप सांगायचा. पण पुण्याचा इंजिनिअर असलं काही बोलून दाखवतो होय!

दिवस कलल्यावर किशोरीचा फोन लागला. रेंज तुटक, त्यात ती रडत होती. सृष्टी सापडत नव्हती. घरातलं मांजराचं पिल्लू मागे राहिलं म्हणून पोरगी दुपारपासून हट्ट धरून बसली होती. 'मी जाऊन आणते' म्हणत होती. सात वर्षांची पोर ती.

गुरू मोटरसायकल घेऊन माळावर पोचला तेव्हा काळोख पडला होता. सगळा गाव व्हाळाच्या काठावर उभा. पण व्हाळात पाय कोणी टाकलेला नव्हता. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, दत्ताराम काठी आडवी धरून वाटेत उभा होता.

"आत जावक मेळाचा नाय, गुरू."

"माझा चेडू आसा थंय, काका."

"चेडू तुझा. पण गाव सगळ्यांचो. पळण मोडली तर उद्या कोणाच्या घरात काय झाला, तर जबाबदार कोण? तू पुण्याक जातलस. आमका हंय रवाचा आसा."

"तुमचो नातू असतो तर?"

दत्तारामने मान वळवली. काठी मात्र हलली नाही. मागे पन्नासेक माणसं. त्यांतल्या निम्म्यांनी गुरूला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एकाच्याही तोंडून 'चल, मी येतंय' निघालं नाही. माणसं वाईट नसतात रे. पण घाबरलेल्या गावाइतकं निर्दयी दुसरं काही नसतं, हे लक्षात ठेवा.

शेवटी गुरूने काठी धरून बाजूला ढकलली. त्याची शेवंतीकाकी तेवढी पुढे आली आणि त्याचा हात दाबून म्हणाली, "जातस तर जा. पण नाव घेव नको. जित्या माणसाचा नाव थंय घेतला, तर ता थंयच रवता."

गुरू व्हाळ उतरून गेला.

रोजचीच वाट. पण कुत्रं भुंकत नाही, कुठे भांड्याचा आवाज नाही. दोन्ही बाजूंना बंद घरं. टॉर्च मारला की कुलूप चमकायचं, पुढच्या दारावर पुन्हा कुलूप. आपल्या दारात येऊन तो थांबला. तिथेही कुलूप तसंच, किल्ली किशोरीकडे. घराभोवती फिरला. विहिरीवर वाकून बघितलं.

"बाळा... ए बाळा..."

नाव घ्यायचं नव्हतं. हाक तरी किती मारणार? वाड्यावाड्यांतून फिरला. घसा बसला. पुन्हा आपल्या अंगणात आला आणि तुळशीपुढे मटकन बसला. माणूस हरला की बापाने शिकवलेलंच तोंडात येतं. त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... चुकला माकला पदरात घे. एक ल्हान चेडू हंय मागे रवला हा... ता माका परत दी रे म्हाराजा..."

आता ऐका. गाऱ्हाण्यात मोघम मागायचं नसतं. नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, घर सांगायचं. गुरूला ते येत होतं. पण नाव घ्यायचं नाही, म्हणून त्याने मोघम मागितलं.

...

"व्हय म्हाराजा."

एक आवाज नाही. सगळ्या घरांतून. कुलपांच्या आतून. हळू.



तुळशीमागे पावलं वाजली. लहान. अनवाणी. टॉर्च वर करणार, तेवढ्यात ती मागून पाठीवर चढली. सृष्टी चढायची तशीच. गळ्यात हात टाकून. हात थंडगार होते, पण पोर काळोखात बसली होती, थंड असणारच. गुरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने तिला सावरलं आणि झपाझप चालू लागला.

"पिल्लू मिळालं का गं?"

...

"रागावणार नाही मी. भूक लागली?"

मानेवर श्वास. मग कानाशी...

"व्हय."

गुरू चार पावलं चालला. मग त्याच्या लक्षात आलं. सृष्टी पुण्यात जन्मली, पुण्यात वाढली. ती 'हो' म्हणायची. 'व्हय' कधीच म्हणाली नव्हती.

तो थांबला नाही. थांबायची हिंमत नव्हती. समोर व्हाळ दिसत होता. पलीकडे शेकोट्या. तो पाण्यात उतरला आणि पलीकडून किशोरी धावत आली.

"अहो! गावली! शेवंतीकाकीच्या मांडवात गोधडीखाली निजलली! ही बघा! सृष्टी हंयच आसा! सृष्टी!"

तिच्या हाताला धरून सृष्टी उभी होती. डोळे चोळत.

किशोरीची नजर गुरूच्या पाठीवर गेली.

गळ्याभोवतीचे हात आवळले.

"थंयच थांब!" दत्ताराम ओरडला. माणसांनी हातांत धोंडे घेतले. हो, धोंडे. काहींनी जळती लाकडं उचलली. "तेका घेवन हंय येव नको!"

"सोडवा रे..." गुरू पाण्यात उभा राहून म्हणाला. "माका सोडवा..."

एक धोंडा त्याच्या पायाशी पाण्यात पडला. किशोरीने सृष्टीचे डोळे झाकले. शेवंतीकाकी काठावर बसून रडत होती. रडतारडता म्हणाली, "जंयसून हाडलंस, थंय नेवन ठेव, बाबा. तू मागलंस, म्हणान तेंनी दिला. खंयच्या पळणीत कोणाचा चेडू मागे रवला, ता सांगणारा आता कोण उराक नाय."

जिथून आणलंस तिथे परत ठेव, असं ती म्हणत होती; नाव न सांगता मागितलं, म्हणून कुठल्यातरी जुन्या पळणीत मागे राहिलेली पोर त्याच्या पदरात पडली होती. दुसरी वाट नव्हती. गुरू वळला. पोटच्या पोरीकडे पाठ करून तो पुन्हा त्या गावात शिरला. एकटा. म्हणजे, एकटा नाही.

वाटेत ते रडू लागलं. आधी नुसतं. मग शब्दांत. "बाबा, मला नको ना सोडू." आता 'मला' म्हणत होतं. आवाज सृष्टीचा. पहिल्यांदा नव्हता, आता होता.

घराच्या पायरीवर तो पाठमोरा बसला. हात सुटेनात. तेव्हा शाळेत सोडताना सृष्टीला जे सांगायचा, तेच त्याने सांगितलं.

"मी येतो हं परत."

...

हात सुटले.

तो कसा धावला ते त्याला आठवत नाही. पहाटेपर्यंत गावाने त्याला मांडवात घेतलं नाही. व्हाळाच्या रेतीत बसला होता. पाठीवर पांढऱ्या टी-शर्टवर काही डाग नाही, ओरखडा नाही.

पळण संपली, देवाने परत कौल दिला, गाव आत आला. किशोरीने कमरेची किल्ली काढून स्वतः कुलूप उघडलं. घरात सगळं जागच्या जागी. फक्त माजघराच्या चौकटीवर सृष्टीच्या रेघेखाली, वीतभर खाली, कोळशाची आणखी एक रेघ होती. आणि तिच्यापुढे वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सृष्टी'.

नाव गुरूने घेतलं नव्हतं. आईने घेतलं होतं, पाठीवरचं ते ऐकत असताना, पोर सापडल्याच्या आनंदात. तिला काय दोष देणार?

त्यानंतर सृष्टीला गावात आणलं नाही. गुरू मात्र येतो. 'येतो' म्हणालाय ना! दर मे महिन्यात एकटा येतो, कुलूप उघडतो, आणि चौकटीपाशी जातो. वरची रेघ आहे तिथेच आहे. खालची चढते आहे. एकदा त्याने ती पुसून रंग दिला. पुढच्या वर्षी ती रंगावर होती, अजून वर. हल्ली तो पुण्याहून निघताना सृष्टीची उंची टेपने मोजून घेतो. पोरीची उंची आणि ती रेघ यांतलं अंतर दरवर्षी कमी होतं.

यंदा पंधरा दिवसांपूर्वी गेला होता. परत जाताना इथे माझ्याकडे आला, तुम्ही बसलात ना, तिथेच बसला. यंदा टेप लावली आणि रेघ तंतोतंत जुळली म्हणाला. एका केसाचाही फरक नाही.

तिथून तो धडपडत रेंजच्या टेकडीवर गेला आणि पुण्याला फोन लावला. फोन पोरीनेच उचलला.

"सृष्टी? बरी आहेस ना गं बाळा?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"व्हय."