लोद्रोचा चहा

परिक्रमेच्या वाटेवर मी उलटी पळत होते, तेव्हा तो मला धडकला.

सगळं मॅक्लिओडगंज, म्हणजे भारतातलं आम्हा निर्वासित तिबेट्यांचं गाव, देवाला उजव्या हाताला ठेवून चालतं. मी मात्र उशीर झाला की डावीकडून सटकायची. लाफिंगची, म्हणजे थंड तिखट नूडल्सची, गाडी वेळेवर लागली नाही, तर आमा-ला, म्हणजे माझी आई, माझी खरडपट्टी काढायची.

"देवाची वाट उलटी चालणारी तू पहिलीच," तो म्हणाला. भुरभुर चालू होती, त्याच्या पापण्यांवर थेंब होते... मी ते पाहिले, हे त्यानेही पाहिलं.

"आणि वाटेत खांबासारखा उभा राहणारा तू पहिलाच!"

"हळू बोल ना! तुम्हा इथल्यांची तिबेटी म्हणजे निम्मी हिंदी. मला अर्धंच कळतं."

"बरं, मग अर्धंच भांडते."

तो लोद्रो. तिकडच्या, तिबेटातल्या आम्दोतला. लहानपणी काकाबरोबर बर्फातून चालत आलेला. त्या वाटेवर त्याच्या पायाची बोटं गेली. मी इथेच जन्मलेली, तिबेट फक्त भिंतीवरच्या चित्रात पाहिलेली. तो रोज गाडीवर यायचा आणि मी रोज विचारायची.

"तुमच्या गावचं आकाश खरंच इतकं निळं असतं?"

"आठवत नाही. याकच्या शेणाचा वास आठवतो."

"शी! काहीतरी गोड सांग ना."

"गोड? आधी तिखट कमी घाल, मग सांगतो."

लाफिंग खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी दुसरी वाटी मागायचा. आमा-ला म्हणायची, "ह्या पोराची भूक काही लाफिंगची नाही!" मी लाल व्हायची. मला तो फार आवडत होता. लोसारचा, आमच्या नववर्षाचा, सण झाला की लग्न, असं आमा-लाने मनात धरलंही होतं.

हिवाळ्यात त्याच्या बहिणीचा फोन आला. आईने अंथरूण धरलंय, तुझंच नाव घेते. चिनी वकिलातीत पुष्कळ खेटे घातल्यावर त्याला परवानगी मिळाली... जायची. परत यायची नाही.

"तूही चल," तो म्हणाला.

"कशी येऊ? इथे जन्मूनही कागदावर मी परदेशी, आणि तिथले विचारतील, ही कोण? मला कुणाचंच दार उघडं नाही, लोद्रो."

"मग मी येईन. आईचं... झालं की. वाट ठाऊक आहे मला."

"बर्फातली?"

त्याने बोटं गेलेला पाय मागे घेतला.

निघायच्या सकाळी आमा-लाने त्याच्या गळ्यात पांढरा खाता, निरोपाचा रेशमी पट्टा, घातला आणि लोणी-मिठाचा चहा काठोकाठ भरून पुढे केला. आमच्यात जाणाऱ्याने एक घोट घ्यायचा आणि पेला भरलेलाच ठेवून निघायचं. भरलेला पेला माणसाला परत आणतो, असं आम्ही मानतो. लोद्रोने घोट घेतला आणि माझ्याकडे बघत पेला खाली ठेवला.

"पिऊन टाक," मी म्हणाले.

"यांगझोम! वेड लागलं का तुला?" आमा-ला ओरडली.

"सगळा पी. ते डोंगर पुन्हा चढू नकोस. आता वाटेवर बंदुका आहेत. तू कुठेही अस, पण जिवंत अस."

"आणि तू?"

"माझं प्रेम आहे रे तुझ्यावर... म्हणून सांगते. पी."

हे मी त्याला पहिल्यांदाच सांगत होते. त्याने दोन्ही हातांनी पेला उचलला आणि हळूहळू प्यायला लागला. मी मनातल्या मनात म्हणत होते, थांब, एक घोट तरी ठेव...

त्याने नाही ठेवला. एरवी माझं कधी ऐकायचा नाही. त्या दिवशी ऐकलं.