रचनाशेजारची खुर्ची

कळव्याच्या अभ्यासिकेत कायदा एकच. टेबलावर पाण्याची बाटली ठेवली की जागा धरली. आणि त्या सकाळी रचनाची निळी बाटली चक्क जमिनीवर होती, अन् तिच्या खुर्चीत एक अनोळखी मुलगा खुशाल बसलेला!

"ओ, उठा. माझी जागा आहे," खुर्चीच्या पाठीवर हात रोवत ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. डोळे हसरे आणि... थोडे आगाऊच. "सॉरी, आजच आलोय. पण एक सांगाल? 'पझेसिव्हली' म्हणजे काय?" त्याच्यासमोर इंग्रजीच्या पेपरचं पुस्तक उघडं होतं.

"मालकी गाजवत."

"वाक्यात वापरून?"

"मुलीने खुर्ची पझेसिव्हली धरली आणि मुलगा गपचूप उठला."

तो उठला, पण हसत, आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. नाव सम्यक, राहणारा शहाडचा, दुपारी कळव्यातच औषधाच्या दुकानात कामाला. महिनाभरात 'ओ'चं 'अरे' झालं. शब्द ती सांगायची, गणितं तो सोडवायचा. वहीच्या कडेला त्याचं कोपर तिच्या कोपराला लागायचं आणि दोघंही उगाच पान उलटायची.

रचनाच्या घरी एका खोलीत पाच माणसं. पुस्तक उघडलं की त्यावर कुणीतरी ताट ठेवणार. अख्ख्या जगात तिची म्हणावी अशी ही एकच जागा होती. इथे कुणाशेजारी बसायचं, कुणाशी बोलायचं, हे तिचं ती ठरवायची.

म्हणून त्या सोमवारी तिचं टाळकंच सरकलं. इतिहासाच्या नोट्स द्यायला तिने अभ्यासिकेतल्याच आनंदला आपल्या शेजारी बसायला बोलावलं होतं. ती आली तेव्हा आनंद लांब कोपऱ्यात बसलेला आणि त्याची बाटली टेबलाखाली.

"मीच उठवलं त्याला," सम्यक कौतुकाची वाट बघत म्हणाला. "तुझ्या शेजारी मी बसतो ना!"

"मला विचारलंस?"

"अगं, त्यात विचारायचं काय? तू माझी..."

"पुढे बोलू नकोस." तिचा आवाज चढला. वाचणारी डोकी वर झाली. होऊ देत! "मी बाटली नाहीये, सम्यक. तू ठेवलीस आणि जागा धरलीस, असं माझ्याबाबतीत चालणार नाही."

तिने दप्तर उचललं आणि पंखा नसलेल्या शेवटच्या टेबलावर जाऊन बसली. घामाघूम झाली, पण मान वळवली नाही. त्याची आठवण आली, चिक्कार आली. तरीही नाही.

पाचव्या दिवशी तिला पावलं ऐकू आली. सम्यक आधी आनंदच्या टेबलाशी थांबला. "सॉरी यार, चुकलो," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मग तिच्याजवळ आला. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण बाटली त्याने हातातच धरली होती.

"इथे... कुणी बसतं का?"

"नाही."

"मी बसू?"

रचनाने त्याला पुरतं एक मिनिट उभं ठेवलं. "हक्काने बसणार असशील, तर दुसरी बघ."

"मग कसा बसू?"

"विचारून. आत्ता विचारलंस तसं. रोज."

"रोज?"

"रोज," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "लग्नानंतरसुद्धा."

सम्यकच्या हातातली बाटली धाडकन खाली पडली. अख्खी अभ्यासिका 'शूऽऽ' म्हणाली. रचनाने पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.