चोफेलची एकच वाटी

उत्तरेच्या सरोवरावरून वर्षभराचं मीठ आणायचं, एवढाच मोहिमेचा हेतू होता. ट्रकमधून आलेलं पांढरंशुभ्र मीठ तालुक्याच्या दुकानात मिळत होतं. पण ते खाऊन याक रोडावतात आणि माणसं खोटं बोलायला लागतात, असं चोफेलचं ठाम मत होतं. त्यानं ते कधी चाखलं नव्हतं, त्यामुळे मताला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता.

मिठाच्या वाटेवर बायका जात नाहीत. म्हणून पुरुषांतच संसार मांडायचा. चोफेल झाला बाप. त्याचा मेहुणा लोडो, भरघोस मिशांचा, झाला आई. तिसरा नामगांग, याकांचा धनी. रस्त्याबद्दल शब्द बापाचा, चुलीबद्दल आईचा. त्यात तडजोड नाही.

निघताना चोफेलच्या बायकोनं लोडोला, आपल्या भावाला, तंबूमागे ओढलं.

"यांच्या रक्ताचा दाब चढलाय म्हणे. डॉक्टरनं बजावलंय, लोण्या-मिठाचा चहा दिवसाला एकच वाटी. यांना धड परत आण. नाहीतर भाऊ म्हणून माझ्या दारात येऊ नकोस!"

"एकच वाटी," लोडोनं शब्द दिला.

आणि शब्द पाळला! सकाळी तो चोफेलची लाकडी वाटी काठोकाठ भरायचा. चोफेल एक घोट घ्यायचा, लोडो तेवढी भर घालायचा. समोरच्याची वाटी उणी राहिली तर ओतणाऱ्याची अब्रू जाते. हे तर दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक. दिवस मावळेपर्यंत किटली रिकामी व्हायची, पुन्हा भरायची, पुन्हा रिकामी व्हायची. वाटी मात्र सकाळचीच, पहिलीच. दुसरी चोफेलनं कधी मागितली नाही. डॉक्टरचं इतकं ऐकणारा रोगी अख्ख्या पठारावर नव्हता.

वाट सोपी नव्हतीच. नदीवरचा बर्फ पायाखाली कडकडत होता. एक याक पोटापर्यंत आत गेला, तेव्हा तिघांनी शिंगांना दोर बांधून त्याला ओढून काढलं. पुढे वाऱ्यानं तंबू उडवला. चोफेलचं डोकं ठणकायचं, पण डोकं कुणाचं ठणकत नाही? शेवटी करड्या डोंगरांच्या कुशीत ते सरोवर दिसलं, काठावर मिठाची साय धरलेलं. तिघांनी लोटांगण घातलं, सरोवराच्या देवीला लोणी वाहिलं, मीठ ओरबाडलं, गोण्या शिवल्या. चोफेल पोराटोरासारखा खूश होता.

परतीच्या खिंडीत वादळानं गाठलं.

बर्फ आडवा येत होता. कड्याच्या आडोशाला लोडोनं चूल पेटवली आणि वाटी पुढे केली. चोफेलनं हात लांब केला. वाटी सुटली! उजवा हात कोलमडून मांडीवर पडला.

"बाबा? काय झालं?" लोडोनं विचारलं.

चोफेलच्या ओठाचा एक कोपरा ओघळला होता. तोंडातून शब्द निघाले, पण चिखलातून पाय काढावेत तसे.

"दाब!" नामगांग ओरडला. "आज किती चहा प्यायले?"

"एकच वाटी. बहिणीला शब्द दिलाय मी!"

"मग सकाळची किटली कुणी संपवली? मी तर खाली याकांपाशी होतो!"

लोडोनं किटलीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे.

"गोण्या टाकू," तो अखेर म्हणाला. "याक मोकळे करू. मोकळे याक बर्फ फोडतील, आपण आजच्या आज खाली उतरू."

चोफेलचे डोळे लाल झाले. "नाही... मीठ... टाकायचं... रस्ता... माझा..."

बापानं सांगितलं म्हणजे संपलंच. दोर कापायला काढलेली सुरी नामगांगनं म्यानात घातली. वारा किंचाळत होता. लोडो चोफेलसमोर उकिडवा बसला.

"रस्ता तुमचा, बाबा. कबूल. पण मीठ कुठं जातं? चहात. चहा कुठं होतो? चुलीवर. आणि चूल कुणाची? मी आई आहे. मीठ माझं. मी टाकतोय!"

त्यानं स्वतःच दोर कापला. धप्प! पहिली गोणी बर्फात गेली. धप्प! धप्प! चोफेल डाव्या हातानं हवेत गुद्दे मारत होता.

त्याला सगळ्यात थोराड याकवर घोंगड्यांत बांधलं. नामगांग पुढे, मोकळे याक छातीनं बर्फ फोडताहेत, लोडो बाजूनं चालतोय, एक हात चोफेलच्या पाठीवर. पाय घसरले. नामगांग उतारावरून खाली गेला, कमरेच्या दोराला हिसका बसला, दुसऱ्या टोकाचा याक चारही पाय रोवून उभा राहिला! त्याला पुन्हा वर ओढलं. पुन्हा चाल. घोंगड्यांतून आवाज नव्हता, आणि लोडोला त्याचीच भीती होती.

वादळ मागं राहिलं. पिवळं गवत दिसलं. लोडोनं चहाचं पाणी उकळलं, त्यात मीठ घातलं नाही, आणि चोफेलच्या ओठाला लावलं.

चोफेलनं घोट घेतला. चेहरा वाकडा केला, या वेळी दोन्ही बाजूंनी.

"हे काय आहे? याकचे पाय धुतलेस का यात? वर्षाचं मीठ बर्फात फेकणारी ही आई! तुझ्यासारखी अवदसा कुणाच्या चुलीला मिळू नये!"

शब्द जरा जड होते, पण अख्खे होते. लोडोच्या मिशा थरथरायला लागल्या.

"पुन्हा बोला, बाबा."

"बहिरा झालास? अवदसा!"

"अजून!"

दवाखाना येईपर्यंत चोफेल शिव्या देत होता, आणि लोडोनं त्याला एकदाही अडवलं नाही.