वरचा निळा थर

कारखान्याचं सांडपाणी तपासणं हे माझं काम. आम्लाचं पाणी तोटी असलेल्या काचेच्या फनेलमध्ये घ्यायचं, क्षार आणि द्रावक घालून हलवायचं, फनेल उलटं धरून, तोटी उघडून कोंडलेली वाफ सोडायची आणि वाट बघायची. पाणी खाली राहतं. द्रावक वर येताना पाण्यात लपलेला धातू ओढून आणतं. कोबाल्ट असेल तर वरचा थर निळा होतो. या कामावरून नवरा मला ‘थेंबमोजी’ म्हणायचा.

तो तिथेच पंप चालवायचा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तो दिसलाच नाही. आम्लाच्या टाकीशी त्याचा एक हातमोजा पडला होता. साहेबांनी हात झटकले. “कंटाळून गेला असेल कुठेतरी.” सासूबाईंनी तेच धरून ठेवलं. पळालेला माणूस परत येऊ शकतो ना! त्या दाराला कडी लावू देईनात.

मला मात्र खरं काय ते हवं होतं. त्याच्या नडगीत, मोडलेलं हाड सांधायला बसवलेली कोबाल्टच्या मिश्रधातूची पट्टी होती. ती सलायची, तो लंगडायचा, पण काढून घ्यायची म्हटलं की चालढकल. कारखान्यात कोबाल्ट कुठेच वापरत नाहीत. मी टाकीतलं पाणी फनेलमध्ये घेतलं.

वरचा थर निळा झाला. मी तिथेच फरशीवर बसून पोटभर रडले.

सासूबाईंना आज सांगायचंच, असं ठरवून घरी गेले. त्या दारातच उभ्या होत्या, हसत.

“आला होता गं! घाईत होता मेला. अर्धा ग्लास पाणी प्यायला. म्हणाला, उरलेलं थेंबमोजीला दे.”

दुःखाने यांचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. तरी ग्लासातलं पाणी बाटलीत भरलं आणि सकाळी कामावर नेलं. एका फनेलमध्ये घरच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात ते.

दोन्ही हलवली. तोट्या उघडल्या.

नळाच्या पाण्यावरचा थर स्वच्छ राहिला.

दुसरा निळा झाला.

ज्या रंगाने तो मेल्याची खात्री पटली होती, तोच हा रंग. आता त्या माउलीला काय सांगू? रडण्याचीही सोय उरली नव्हती.

संध्याकाळी त्या दाराशीच बसल्या होत्या.

“आई, लंगडत होता का हो?”

“छे गं, अगदी सरळ चालत होता,” त्या म्हणाल्या. “ती पट्टी काढली म्हणे एकदाची.”