एरंडेलाचा वास

तुम्हाला हे पटेल असं मी म्हणत नाही. पण विमलामावशी थापा मारणारी बाई नव्हे. ज्याच्या घरी चहा घेते त्यालाच "साखर कमी पडली" असं तोंडावर सांगते. तिच्याकडून ऐकलं तेच मी सांगते, आणि शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

१९५७ साल. मानखुर्द. चैत्रातला रविवार, वेळ तीनची.

दुपारचे तीन. लख्ख ऊन.

गुणाजीकाका, म्हणजे मावशीचे यजमान, मोटार गॅरेजात फिटर होते. तीन महिने झाले, दर रविवारी जेवून हात धुतले की ते नाहीसे व्हायचे. विचारलं की एकच उत्तर. "जरा पाय मोकळे करून येतंय."

आणि परत आले की सदऱ्याला वास यायचा...

एरंडेलाचा.

मावशीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दारूबंदीचे दिवस होते. दारूचा वास असता तर ती भांडून मोकळी झाली असती. पण एरंडेल बायका केसांना लावतात. चाळीतल्या तिघींचे केस तिने काही ना काही निमित्त काढून हुंगून पाहिले. तिघींचंही खोबरेलच निघालं.

मग ट्रंकेतलं हळदीचं लुगडं हाताला लागलं, आणि त्याचा हातभर तुकडा कापलेला दिसला.

"माझं लुगडं फाडून कुठच्या भवानीला दिलं?"

त्या रविवारी ती गुपचूप त्यांच्या मागे निघाली.

काका मिठागरांच्या बांधावरून चालत गेले... थेट बंद पडलेल्या शर्यतीच्या मैदानात.

मूळची ती विमानांची धावपट्टी. लढाई संपल्यावर तिथे मोटारींच्या शर्यती व्हायला लागल्या. चुना फासलेली पिंपं मांडून वळणं आखलेली. भेळवाले, सोडावाले, बघ्यांची ही गर्दी! गॅरेजातली माणसं वळणावळणावर निशाण देऊन उभी करायचे. रस्त्यात तेल सांडलं, गाडी अडली, की पिवळं निशाण हलवायचं. नियम एकच. शेवटची गाडी जाईपर्यंत जागा सोडायची नाही.

१९५४ मध्ये शर्यती बंद झाल्या. का, ते मावशीला चांगलं ठाऊक होतं.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी ती डबा घेऊन आली होती. पहिल्या आलेल्याला टाळ्या पडल्या तशी तिला वाटलं, संपलं. तिने हाक मारली, "या लवकर, जेवाण निवता!" काकांनी निशाण पिंपावर ठेवलं. वळणावर तेल सांडलेलं होतं. आणि एक निळी गाडी एक फेरी मागे होती...

पुढचं ती मला कधीच सांगत नाही.

आणि आज, तीन वर्षांनी, काका त्याच वळणावर, त्याच पिंपाजवळ उभे होते. हातात मावशीच्या लुगड्याचा पिवळा तुकडा, काठीला बांधलेला.

"कोण बाई ती? कुठाय?" मावशी कडाडली.

"बाई नाय गो. गाडी." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "ती निळी. गप ऱ्हव."

टिटव्या ओरडत होत्या... त्या एकदम गप्प झाल्या.

वारा नव्हता. तरी कडेचं सुकं गवत वाकत आलं. लांबून, वळण घेत, त्यांच्याच दिशेने.

मग वास.

जळक्या एरंडेलाचा. तेव्हा तिला आठवलं, शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनात एरंडेल घालायचे.

काकांनी निशाण हलवलं. गवत हळू झालं, समोरून गेलं आणि पुन्हा उभं राहिलं.

"तीन ते चार. फेऱ्या मारीत ऱ्हवता," काका म्हणाले. "निशाण दिसला तरच हळू होता."

मावशीचा संशय अजून गेला नव्हता. तिने पिंपामागे बाटली शोधली. नव्हती. मग तिचं डोकंच फिरलं. तिने काठी हिसकली. "नाटकं पुरे! चला घरी!"

तेच वळण. तीच हाक.

टिटव्या पुन्हा गप्प झाल्या...

या वेळी गवत हळू झालं नाही. टायर किंचाळले. पिंप जागचं सरकलं आणि काका फेकले गेले. मावशीने डोळे मिटून, दोन्ही हातांनी ते निशाण हलवलं. चार वाजेपर्यंत हलवत राहिली.

काकांच्या पोटरीवर डांबरासारखा काळा ओरखडा उठला. तो कधी गेला नाही. काका मात्र पुन्हा तिकडे गेले नाहीत. शर्यतींचा विषय काढला तर विचारायचे, "कसल्यो शर्यती?"

दर रविवारी मावशी जायला लागली.

१९५९ मध्ये मी तिच्याकडे राहायला गेले होते. ती हिवतापाने फणफणली होती. रविवारी अडीच वाजता तिने उशीखालून तो पिवळा तुकडा काढला आणि ही सगळी हकीकत सांगितली.

"मालन, तू जा गो. नुसती उभी ऱ्हव. चारपर्यंत."

मी हात मागे घेतला. "मावशी, ताप डोक्यात गेलाय तुझ्या."

तीन वाजले.

काका बाहेर ओट्यावर बिडी ओढत होते. अंगणातल्या चिमण्या अचानक गप्प झाल्या...

"एरंडेल कोणी सांडल्यान गो?" काकांनी विचारलं.

दोरीवरचे कपडे एकामागून एक वळत आले. ओट्याच्या दिशेने.

मी तुकडा उचलला आणि धावले. काकांच्या पुढे उभी राहून तो हलवत राहिले. कपडे हळू झाले. माझ्या पायांवरून काहीतरी गरम गेलं.

मावशीचा ताप आठवड्यात उतरला. आता रविवारी दुपारी ती छान झोपते. मैदानात मी असते.

तुकडा तिने माझ्याकडे परत मागितलेला नाही.

त्या दिवशी ताप खरंच तेवढा होता का, हे तिला विचारायचा धीर मला अजून होत नाही.