नऊ नंबरची रेषा

“नऊ नंबर, तयार का?”

वायरलेसवर नुसती खरखर आली.

“नऊ नंबर? अण्णा, ऐकताय ना?”

पुन्हा खरखर. रेषाताईने बटण पुन्हा दाबून पाहिलं. बाकीच्या वळणांना दहादा विचारावं लागायचं, पण नऊ नंबरचा “तयार!” प्रश्न संपायच्या आत यायचा. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

गाड्यांच्या शर्यतीत प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन एक माणूस उभा असतो. सगळ्या वळणांनी ‘तयार’ म्हटल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही. नऊ नंबरवर अण्णा असायचे, म्हणजे रेषाताईचे वडील. रेषाताई बसायची मनोऱ्यातल्या खोलीत, पडद्यासमोर. वळणांसारखंच तिचंही ‘तयार’ लागायचं. तिचं खरं नाव ट्रॅकवर कुणाला आठवतही नसेल. दिवसभर नऊ नंबरच्या पांढऱ्या रेषेवर डोळे लावून बसणारी बाई, म्हणून रेषाताई. गाडीची चारही चाकं रेषेबाहेर गेली की ती बटण दाबणार आणि त्या फेरीची वेळ रद्द. एक चाक जरी रेषेला टेकलेलं असलं, तरी गाडी आत. नियम एवढाच, पण त्यापायी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात.

आजच्या शर्यतीत कुणी कुठल्या रांगेतून सुटायचं हे ठरवणाऱ्या कालच्या फेऱ्यांत तेच झालं होतं. शर्यतीत उतरलेल्या एका शेठच्या मुलाच्या सगळ्या चांगल्या फेऱ्या नऊ नंबरवर रद्द झाल्या आणि पहिल्या रांगेचा पोरगा शेवटच्या रांगेत गेला. शेठ मनोऱ्याखाली येऊन सगळ्यांदेखत गरजला, “त्या नऊ नंबरच्या म्हाताऱ्याला सांगा, उद्या गाठ माझ्याशी आहे!”

गंमत अशी, की म्हाताऱ्याने काहीच केलं नव्हतं. उलट अण्णा दर वेळी वायरलेसवर सांगत होते, “गाडी आत होती, बाळ.” पण पडद्यावर, रेषेच्या चित्रावर, एक लाल रेघ आखलेली असते. ती रेघ म्हणत होती की गाडी बाहेर. लेकीने बापाचं सोडून पडद्याचं ऐकलं. रात्री जेवताना अण्णा तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आणि आज उजाडताच, कुणाची वाट न बघता, मोपेडवर पुढे निघून आले होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई.

“अगं, ह्यांचा फोन लागत नाहीये. गोळी घेतली का, विचार जरा.”

“कामात आहेत, आई. सांगते त्यांना.”

एवढं खोटं बोलून तिने घाईने फोन ठेवला.

“काय झालं, ताई?” कॅमेरेवाल्याने विचारलं. हा गुणी पोरगा. अण्णांना काका म्हणणारा, आईच्या हातचं कितीदा जेवलेला. कमरेच्या पिशवीत नेहमी पक्कड, टेप, वायरी आवळायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. आज त्याचे हात मनगटापर्यंत काळे होते.

“अण्णा उत्तर देत नाहीयेत. तुझ्या हातांना काय झालं?”

“रंग आहे. कॅमेऱ्याला न शिवता त्याच्यावरच्या उन्हाच्या टोपीला काळा हात मारला. काल तुम्हाला लाल रेघेच्या बाहेर पांढरी किनार दिसत होती ना? उन्हाची चमक होती ती. आता बघा.”

तिने पडद्याकडे पाहिलं. खरंच, किनार गेली होती. लाल रेघ पांढऱ्या रेषेवर मापून घेतल्यासारखी बसली होती. पण आत्ता तिला किनारीशी काय देणंघेणं? ती जिना उतरून पळत सुटली.

नऊ नंबरवर अण्णांची खुर्ची होती. झेंडा गुंडाळून खुर्चीखाली ठेवलेला. मोपेड कुंपणाला टेकवलेली. वायरलेस मात्र नव्हता, आणि अण्णाही नव्हते.

तिने मोठ्याने हाका मारल्या. मोकळ्या डांबरावरून आवाज तसाच परत आला.

वळणाच्या बाहेर थोडी खडी, आणि खडीपलीकडे जुन्या टायरांची भिंत. सुटलेली गाडी याच भिंतीवर येऊन आदळते. कालच एक आदळली होती, आणि अण्णांनी इतर माणसांबरोबर संध्याकाळपर्यंत टायर पुन्हा दोरखंडाने बांधून काढले होते. भिंतीवरून रबराचा जाड पट्टा ओढलेला होता. त्याची एक कड काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेली होती. पायाशी रेषेचा पांढरा रंग ताजा दिसत होता, बाजूचं डांबरही कसं काळंभोर. आणि त्या ओल्या पांढऱ्यावर बुटाचा अर्धा ठसा!

ट्रॅकवरचा माणूस रंगावर पाय देत नाही. रंग निसरडा असतो. ओला असो, सुका असो, ओलांडूनच जायचं. लहानपणी अण्णांनी तिला चालायला शिकवलं तेही बहुधा याच नियमाने. म्हणजे इथे कुणीतरी बाहेरचं येऊन गेलं होतं.

“तुझ्या बापालाच शोधतोय मी.”

ती दचकून वळली. कुंपणापाशी शेठ उभा होता. त्याच्या उजव्या बुटाचं टोक पांढरं झालेलं होतं.

“तुम्ही कधी आलात इथे?” तिने विचारलं.

“मघाशी. पोराची गाडी कुठे बाहेर गेली म्हणतेस, ते बघायला.”

“अण्णा भेटले?”

“खुर्ची भेटली. रंग ओला आहे अशी पाटी तरी लावा. माझा बूट खराब झाला.”

“काल तुम्ही त्यांना धमकी दिलीत.”

“दिली. मग?” शेठचा चेहरा लाल झाला. “माझं सगळं बळ तोंडात आहे, बाई. म्हाताऱ्या माणसावर हात टाकीन एवढा नीच नाही मी.”

चोराच्या मनात चांदणं, असं तिला वाटलं. तिने साहेबांना कळवलं. साहेब म्हणजे शर्यतीचे मुख्य अधिकारी. त्यांनी शेठला चौकीत बसवून ठेवायला दोन शिपाई पाठवले, नऊ नंबरवर झेंड्यासाठी दुसरा माणूस उभा केला आणि तिला वर बोलावलं.

“शोध चालू आहे,” ते म्हणाले. “पण शर्यत थांबवता येणार नाही. माणूस ट्रॅकवर आहे याचा पुरावा काय?”

“काकांना मी पाहिलंय, साहेब,” कॅमेरेवाला पुढे आला. “सकाळी पडद्यावर.”

रेषाताईने त्याचा हात धरला. “मघाशी का नाही बोललास?”

“आत्ता आठवलं, ताई. घाबरलो होतो.”

“कुठे होते?”

“खुर्चीवरून उठले आणि फाटकाकडे गेले.”

“मोपेड सोडून?”

“चालतच गेले. रेषेवरून, सरळ, रमतगमत. मला वाटलं, पाय मोकळे करतायत.”

“बरोबर कुणी होतं?”

“कुणी नव्हतं.”

“चित्रण आहे?”

“नाही ना. टोपी रंगवत होतो, तेव्हा कॅमेरा बंद होता.”

“बघा,” साहेब म्हणाले, “बाहेर गेलेत. येतील. तुम्ही जागेवर बसा.”

खाली इंजिनं सुरू झाली. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. एकेक वळण ‘तयार’ म्हणू लागलं. रेषाताई पडद्यासमोर बसली, पण तिला रेषा दिसेना. अण्णा बाहेर गेलेत, येतील. असं मनाशी घोकत असतानाच ती एका शब्दावर अडकली.

रेषेवरून?

अण्णा रेषेवरून चालत गेले? आयुष्यात ज्या माणसाने रंगाला तळवा लावला नाही, तो?

खाली डांबरावर कधी न वावरणाऱ्या माणसालाच असं खोटं सुचेल. आणि कॅमेरा बंद होता, तर याने पडद्यावर पाहिलं काय? तिने चोरट्या नजरेने त्याच्या काळ्या हातांकडे बघितलं, मग कमरेच्या पिशवीकडे. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टोकं बाहेर डोकावत होती. काळी.

रेषेपलीकडे बघणं तिचं काम नव्हतं. इतकी वर्षं तिची नजर रेषेवर थांबायची आणि मागे फिरायची. आज ती पुढे गेली. खडी. टायरांची भिंत. रबराची आवळलेली कड. पहिल्याच फेरीत, गर्दीत, एखादी तरी गाडी त्या भिंतीवर जाणारच. दर शर्यतीत जाते.

“नऊ नंबरचा झेंडा तयार,” नव्या माणसाचा आवाज आला.

साहेबांनी मान वळवली. “नऊ नंबरची रेषा?”

रेषाताईने माइक घट्ट धरला. “नऊ नंबरची रेषा तयार नाही!”

साहेब खुर्चीवरून उठले.

“काय बोलताय तुम्ही? सगळं जग बघतंय!”

“रेषा चुकीच्या जागी आहे, साहेब. मी तयार म्हणणार नाही, आणि मी म्हटल्याशिवाय दिवा लागत नाही. डॉक्टरांना घेऊन खाली चला. शेठनाही बोलवा. आणि तूही चल,” ती कॅमेरेवाल्याला म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सगळे नऊ नंबरवर पोहोचले. चूक निघाली तर नोकरी जाईल. आणि बरोबर निघालं तर? ते मनात आणायचंही तिला धैर्य होईना. ती भिंतीकडे धावली. पट्टी आवळलेल्या जागी गुडघ्यावर बसून ओरडली, “अण्णा!”

आतून काही आलं नाही.

“कापा ही! लवकर!”

शिपायांनी पट्टी कापली. रबर बाजूला झालं. दोघे-तिघे मिळून टायर उपसू लागले, शेठही सदऱ्याच्या बाह्या सरसावून त्यात घुसला. दुसऱ्या थरामागे एक हात दिसला. सुरकुतलेला, मळलेला. रेषाताईने तो दोन्ही हातांनी धरला.

डॉक्टर आत वाकले.

“आहे,” ते म्हणाले. “नाडी आहे. डोक्याला मार आहे, पण जिवंत आहेत. स्ट्रेचर आणा.”

कॅमेरेवाला मागच्या मागे सरकत होता. शेठने त्याची मानगूट धरली.

“कुठे निघालास?”

रेषाताई उठली. आता तिला कुणी गप्प करू शकलं नसतं.

“साहेब, शुक्रवारी कॅमेऱ्याला सील लागतं. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही, लावला तर सगळं माप नव्याने घ्यायचं. काल फेऱ्या सुरू होण्याआधी याने काच पुसायला शिडी लावली असणार आणि शिडीचा धक्का लागून कॅमेरा कलला. पडद्यावरची लाल रेघ खऱ्या रेषेच्या आत सरकली. जी पांढरी किनार मला दिसत होती, ती चमक नव्हती, खरी रेषाच होती! गाड्या तिच्यावर होत्या, आणि मी त्यांना बाहेर ठरवत होते.”

“मग त्याने सांगायचं!” साहेब म्हणाले.

“सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. कॅमेरा परत हलवला तर सील तुटतं. म्हणून त्याने कॅमेरा सोडून रेषाच हलवली. आज पहाटे, कॅमेऱ्याला दिसते तेवढ्या भागात, वीतभर आत नवी पांढरी रेषा मारली आणि जुनीवर काळा रंग फासला.”

तिने मोपेडला तशीच राहिलेली किल्ली काढून काळ्याभोर डांबरावर ओरखडा काढला. खालून पांढरं वर आलं.

शेठ त्या ओरखड्याकडे बघतच राहिला.

“अण्णा आज लवकर आले, कारण काल त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना रेषा मोजून बघायची होती. इथे त्यांना हा ब्रश घेऊन सापडला. पुढचं तूच सांग.”

“ते वायरलेसवर बोलायला लागले,” कॅमेरेवाला रडत खाली बसला. “मी नुसता हिसकावला, ताई. काका मागे पडले, डोकं आपटलं. मला वाटलं, गेले. काल बांधलेली भिंत सैल होती...”

“आमची माणसं दोरखंडाला गाठ मारतात. प्लॅस्टिकची पट्टी तुझ्याशिवाय कोण वापरतं? आणि वर म्हणालास, अण्णा रेषेवरून चालत गेले. शेठ बाहेरचे, त्यांचा पाय पडला. अण्णांचा पडला नसता.” ती त्याच्यासमोर वाकली. “एकच सांग. आत ढकलताना त्यांचा श्वास चालू होता, हे तुला कळलं होतं?”

त्याने मान वर केली नाही. तेच उत्तर होतं. एखादी गाडी आदळली असती आणि सगळे हळहळले असते, की म्हातारा नको तिथे उभा राहिला.

“या घरचं अन्न खाल्लंस रे तू,” ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू कोसळलं.

शिपाई त्याला घेऊन गेले. साहेबांनी टोपी काढून कालच्या सगळ्या फेऱ्या नव्याने तपासायचं कबूल केलं. शेठ स्ट्रेचरपाशी अवघडून उभा होता.

“काल माझ्या पोराच्या बाजूने एकटे हेच बोलत होते?”

“एकटे हेच.”

शेठने स्ट्रेचरची एक बाजू उचलली. रेषेपाशी आल्यावर तो थबकला, खाली बघितलं आणि रंग ओलांडून पाय पलीकडे टाकला.

त्या हेलकाव्याने अण्णांचे डोळे किलकिले झाले. लेकीला शोधत ते तिच्या चेहऱ्यावर थांबले. ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

“गाडी आत होती, बाळ.”

“होती, अण्णा,” ती त्यांचा हात गालाशी धरून म्हणाली. “आत होती.”